दिवेआगरची चार मिनिटे

तळा,
३ फेब्रुवारी २०२५

श्रीमती अफरीन यांस,
शिवदास यांचा नमस्कार.

तुम्ही आमच्या शिक्षण संस्थेची नोकरी सोडून दोह्याला गेल्यास दीड वर्ष झाले. या काळात मी तुम्हांस एकही पत्र लिहिले नाही आणि आज लिहीत आहे तेही कामासाठी, याबद्दल दिलगीर आहे. ई-मेलचा पत्ता माझ्या पत्नीच्या वहीत मिळाला.

कामाच्या आधी एक गोष्ट सांगावयास हवी. माझी पत्नी हेमांगी हिचे ८ नोव्हेंबर रोजी दिवेआगर येथे हृदयविकाराने निधन झाले. तुम्ही पाच वर्षे तिच्या हाताखाली काम केले. तुम्हांला कळविणे माझे कर्तव्य होते, ते राहून गेले.

आता काम. तुम्हांस ठाऊकच आहे की संस्थेच्या तळा, थळ आणि दिवेआगर येथील शाळांत एकेक सर्व्हर आहे आणि प्रत्येकाच्या पोटात सात-आठ आभासी संगणक चालतात: ग्रंथालयाचा एक, निकालांचा एक, प्रवेशाचा एक. हे तिन्ही सर्व्हर एका समूहात जोडून एकाच ठिकाणाहून सांभाळावेत, असा ठराव कार्यकारिणीने केला असून ३१ मार्चची मुदत घातली आहे. हेमांगीनंतर हे काम जाणणारे येथे कोणी नाही. मी भौतिकशास्त्राचा माणूस. संगणक विभागाचा प्रमुख म्हणून बारा वर्षे कागदांवर सह्या केल्या, यंत्राला कधी हात लावला नाही. आता लावणे भाग आहे.

फाईलमध्ये जून २०२३ चा एक आराखडा आहे. आकृती तुमच्या हातची दिसते. तीत एक सूचना आहे: ‘सामील होणारे यंत्र आधी पूर्ण रिकामे करावे.’ माझा प्रश्न एवढाच आहे: दिवेआगरचे यंत्र रिकामे न करता, त्यातील एकही संगणक बंद न करता, सामील करून घेता येईल काय? असे विचारण्याचे कारण खाजगी आहे.

आपला,
शिवदास


दोहा,
५ फेब्रुवारी २०२५

सर, सलाम.

इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि पहिल्या दहा ओळींनंतर उठून जिन्यात जाऊन बसले. आमच्या इथला एक केरळी मुलगा पाणी घेऊन आला. त्याला काय सांगणार, कोण गेलं ते? ‘माझ्या मॅडम’ म्हटलं.

मॅडम मला दर जुम्म्याला एक फोटो पाठवायच्या. दिवेआगरच्या शाळेमागची सुपारीची वाडी, कधी कोंडाजी शिपायाने सोलायला घेतलेला नारळ, कधी नुसता समुद्र. खाली लिहायच्या, ‘सरांच्या नोंदवहीत सही केली, आता जेवते.’ नोव्हेंबरपासून फोटो यायचे थांबले. मला वाटलं, रागावल्या. मी उलट विचारलं नाही. त्याला कारण होतं, ते असू दे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही सर, येत नाही. तिन्ही ठिकाणी पहिल्या आभासी संगणकाचा नंबर १०० आहे, दुसऱ्याचा १०१. समूहात एक नंबर एकालाच मिळतो. म्हणून सामील होणारं यंत्र स्वतःची यादी सोडून समूहाची यादी घेतं. आधी प्रत्येक संगणकाची प्रत काढून बाजूला ठेवायची, यंत्र रिकामं करायचं, सामील करायचं, मग त्या प्रतींवरून नव्या नंबरांनी सगळं परत वसवायचं. मॅडम म्हणायच्या, ‘सून माप ओलांडते तसंच गं. माहेरचं सगळं उंबऱ्याबाहेर.’ आणि वर मला टोमणा, ‘तुमचं बरं, तुमच्यात पोरींचं नाव तरी बदलत नाहीत.’

काही हरवत नाही सर. प्रती नीट काढल्या, तपासल्या, की अर्ध्या दिवसाचं काम. मग दिवेआगरचंच यंत्र का नाही रिकामं करायचं? खाजगी असेल तर नका सांगू. पण अट कळल्याशिवाय मी रस्ता कसा सुचवू?

अफरीन


तळा,
९ फेब्रुवारी २०२५

श्रीमती अफरीन यांस,
नमस्कार.

सल्ला मागावयाचा आणि अट लपवावयाची, हे योग्य नव्हे. तुम्ही बरोबर लिहिले.

हेमांगीच्या दहाव्या दिवशी ओढ्याकाठी पिंड ठेवला. समोरच्या आंब्यावर कावळे होते. परंतु एकही खाली येईना. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा अडून राहिली आहे, असे आमच्यात मानतात. मग नातलगांनी एकेक आश्वासन द्यावयाचे. माझा मेहुणा हर्षद हात जोडून म्हणाला, “ताई, आईला मी बघीन, तू काळजी करू नको.” कावळे हलले नाहीत. “बरं, तुझा दारातला फणस तोडणार नाही. शप्पथ!” तरीही नाही. हेमांगीची आत्या सोनाबाई गावाहून आल्या होत्या. त्या सर्वांदेखत म्हणाल्या, “माह्यारचं न्हाय कायबी ऱ्हायलं तिचं. मास्तर, तुमी बोला. नवऱ्यापाशीच अडलंय.”

“माझा यावर विश्वास नाही,” मी म्हणालो.

“तुमचा नसू दे. कावल्याचा हाय.”

मागे कोणी तरी हसले. गुरुजी दर्भाचा कावळा करावयास बसले होते. तो पिंडाला लावला की विधी उरकतो. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेले, “हेमांगी, तुझे दिवेआगरचे यंत्र मी बंद पडू देणार नाही.” हेच वाक्य का, ते मला सांगता येत नाही. मी आयुष्यात प्रथमच चार लोकांत तिच्याशी एकेरीत बोललो. कावळा उतरला.

तीस वर्षे मी मुलांना शिकविले की एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली ही दुसरीचे कारण असतेच असे नाही. ते मी आजही शिकवीन. परंतु शब्द दिला आहे. यंत्र रिकामे करावयाचे म्हणजे त्यातील प्रत्येक संगणक बंद करून पुसावयाचा. ते माझ्याने होणार नाही. आणि मुदतीत काम झाले नाही, तर कार्यकारिणी तिन्ही यंत्रे मोडीत काढून सर्व कारभार बाहेरच्या कंत्राटदाराकडे देणार आहे. तसा ठराव तयार आहे.

तुम्ही हसला असाल, तर माझी हरकत नाही.

शिवदास


दोहा,
१० फेब्रुवारी २०२५

सर, सलाम.

हसले नाही. कावळ्याचं मला माहीत नाही. पण दिलेल्या शब्दाचं आमच्यातही तेच आहे.

आणि रस्ता आहे. पाच दिवस समोर होता, मला दिसला नाही, कारण मी मॅडमच्या जुन्या आराखड्यातून बघत होते. त्यात समूह तळ्याला स्थापन होतो, कारण मुख्य कार्यालय तळ्याला. पण रिकामं व्हावं लागतं ते सामील होणाऱ्याला. जिथे समूह सुरू होतो, त्या पहिल्या यंत्राला काहीच सोडावं लागत नाही. त्यातले संगणक चालतात तसे चालत राहतात, नंबरही तेच.

तेव्हा समूह दिवेआगरला स्थापन करा सर. तळ्याचं आणि थळचं यंत्र रिकाम्या हाताने मॅडमच्या दारात येऊ द्या. एवढी वर्षं त्या दोघांकडे गेल्या ना?

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक: थळ जोडलं की तळा लगेच जोडा. समूहात कुठलाही बदल बहुमताने होतो. दोनच सदस्य असले आणि एकाशी संपर्क तुटला, तर उरलेलं एकटं काही ठरवू शकत नाही. दुसरी: तुमचं २०१९ चं परिपत्रक. ‘प्रत्येक सर्व्हरचे व्यवस्थापन त्या त्या ठिकाणी प्रत्यक्ष हजर राहून, नोंदवहीत येण्याची व निघण्याची वेळ लिहून व सही करूनच करावे.’ मला अजून पाठ आहे. ते जागेवर असेपर्यंत तीन यंत्रं एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, कारण त्याच्यामुळे आपण बाहेरचे सगळे मार्ग बंद केले होते.

आणि सर, रागावू नका, एक विचारते. आठ नोव्हेंबरला दिवाळीची सुट्टी होती. मॅडम दिवेआगरला कशाला गेल्या होत्या?

अफरीन


तळा,
२ मार्च २०२५

श्रीमती अफरीन यांस,
नमस्कार.

उत्तरास उशीर झाला.

समूह १४ फेब्रुवारी रोजी दिवेआगर येथे स्थापन केला. कोंडाजीने खोली उघडून दिली. दाराशी उभा राहून तो म्हणाला, “सर, खुर्ची तीच ठेवलीय. बदलायची काय?” मी नको म्हणालो. परिपत्रक तूर्त स्थगित ठेवले आहे. थळचे यंत्र २० तारखेस रिकामे करून सामील केले. त्या वेळी ग्रंथालयाच्या संगणकास पुन्हा १०० हाच क्रमांक देण्याची चूक मी केली. यंत्राने ती नाकारली. यंत्र इतक्या सभ्यपणे नकार देते, हे मला माहीत नव्हते.

तळ्याचे यंत्र जोडण्यास विलंब झाला, त्याचे कारण तुमच्या सूचनेत होतेच. थळच्या रस्त्याचे काम करताना कोणी तरी तार तोडली आणि संपर्क नऊ दिवस बंद राहिला. दोघांपैकी एक गेल्यावर दिवेआगरच्या पडद्यावर सर्व यादी दिसत होती, आतील संगणकही चालू होते. परंतु काहीही बदलू म्हटले की नकार. पाहता येत होते, करता काही येत नव्हते. मी रोज उघडून पाहत असे. काल तार जोडली गेली.

पडद्यावर यादीत त्या यंत्राचे नाव ‘भाविका’ असे दिसते. हे तुम्ही ठेवले काय? भाविका हे हेमांगीचे माहेरचे नाव. लग्नात ताटातील तांदुळांवर अंगठीने मी नवे नाव लिहिले, तेव्हापासून ते नाव घेतलेले माझ्या ऐकिवात नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: ती कामासाठी गेली होती.

शिवदास


दोहा,
४ मार्च २०२५

सर, सलाम.

रोजे चालू आहेत. खोटं बोलायचे दिवस नव्हेत, तसे लपवायचेही नव्हेत.

‘भाविका’ मॅडमनीच ठेवलं, यंत्र आलं त्या दिवशी. म्हणाल्या, ‘हे नाव आता कुणाला बदलता येणार नाही. बदलायचं तर सगळं पुसावं लागतं.’ तुमची तक्रार म्हणून नव्हे. खूश होऊन म्हणाल्या होत्या. तुम्ही कधीतरी त्या पडद्यासमोर बसाल आणि विचाराल, ‘हे काय?’ याची वाट बघायच्या. सहा वर्षं बघितली.

आता माझं. जून २०२३ मध्ये फायबरची तार तिन्ही गावांत पोचली. त्याआधी समूह करणं खरंच शक्य नव्हतं, चक्रीवादळानंतर तर लाईनचा भरवसाच नव्हता. तार आल्या आल्या मॅडमनी आराखडा लिहिला आणि माझ्या टेबलावर ठेवला. ‘अफरीन, यावर तू सही कर. तुझ्या नावाने पाठव.’

मी म्हटलं, ‘लिहिलंय तुम्ही, आणि सही माझी?’

‘माझी सही असली की हे होणार नाही. नवरा आहे ना तो. घरचं माणूस म्हणून आधी मलाच नाही म्हणेल. तुझं असेल तर वाचेल तरी.’

मी नाही केली सही. तेव्हा मी इथल्या नोकरीसाठी राजीनामा देऊन बसले होते. तुमच्याकडून अनुभवाचा दाखला यायचा होता. प्रमुखांना न आवडणारा कागद जाता जाता कशाला, असं वाटलं. मॅडम म्हणाल्या, ‘असू दे बाळ.’ स्वतःच्या सहीने दिला. तुम्ही काय शेरा मारला, ते तुम्हाला माहीत आहे.

फोटो बंद झाल्यावर विचारलं नाही, त्याचं कारण हे. मला वाटलं, शेवटी कंटाळल्या त्या एस.टी.ला आणि माझा राग आला. त्या राग धरणाऱ्या नव्हत्या, हे कळायला इतके महिने लागावेत?

तुम्ही काही लिहिलं नाहीत तरी चालेल. पण आठ नोव्हेंबरचं मला कळायला हवं. त्या सहीत माझा हात आहे.

अफरीन


तळा,
३१ मार्च २०२५

चि. अफरीन हिस,
आशीर्वाद.

तुमच्याकडे ईद काल झाली असेल. आमच्या म्हसळ्या-तळ्याकडे आज आहे. ईद मुबारक.

तुला अरे-तुरे करण्याची परवानगी मी मागितलेली नाही. जे लिहावयाचे आहे, ते ‘तुम्ही’ म्हणून लिहिता येत नाही.

८ नोव्हेंबरचे सांगतो. आदल्या दिवशी दिवेआगरला वीज गेली-आली आणि निकालांचा संगणक अडकून पडला. बारावीच्या परीक्षेचे अर्ज भरावयाचे दिवस होते. सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावयाचा, एवढेच काम. सकाळी चहा घेताना हेमांगी म्हणाली, “आज जरा घशाशी जळजळतंय. इथूनच मार्ग उघडून करू का? एकदाच. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल,” मी म्हणालो.

“मग तुम्ही डोळे मिटून बसा पाच मिनिटं.”

“बरे वाटत नसेल, तर रजेचा अर्ज दे. मी दुसऱ्या कोणाला पाठवितो.”

“दुसरं आहे कोण? आणि अर्ज देऊ कुणाकडे? चहा पिता पिता मंजूर करणार?” ती हसली, पिशवी घेतली आणि गेली. म्हसळ्याला गाडी बदलून पोहोचली. सुटी असल्याने शाळेत कोणी नव्हते. कोंडाजी किल्ली देऊन वाडीत सुपाऱ्या वाळत घालावयास गेला. चार वाजता तो परत आला, तेव्हा ती खुर्चीवर होती.

नोंदवही मी पाहिली आहे. येण्याची वेळ अकरा चाळीस. काम: ‘सर्व्हर पुन्हा सुरू केला. चालू आहे.’ सही. निघण्याची वेळ हा रकाना कोरा आहे.

आता तुझ्या सहीविषयी. मी शेरा मारला होता, ‘प्रस्ताव विचारार्थ घेण्याची आवश्यकता वाटत नाही.’ मी तो प्रस्ताव वाचला होता, अफरीन. दोन वेळा वाचला. त्यात एकही दोष नव्हता. तुझी सही असती, तर त्याच दिवशी मंजूर केला असता. ही गोष्ट तुझ्यापासून लपवावी, असे तीन आठवडे वाटत होते; परंतु मग तुला माझे काहीच खरे वाटले नसते. पत्नीच्या सोयीसाठी शिवदासने नियम बदलला, असे कोणी म्हणू नये, एवढ्याच कारणाने मी नाही म्हणालो. कोणीही म्हणाले नसते. ज्याला बायकोच्या सहीखालचा मजकूर मंजूर करता येत नाही, त्याच्यासाठी तू तुझी सही खर्च करावयास हवी होतीस, असे मला वाटत नाही. त्या सहीत तुझा हात नाही. हात माझा आहे.

परिपत्रक मी रद्द केले. कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘परिपत्रक चुकीचे होते.’ आमचा लिपिक अल्पेश कागद घेऊन परत आला. “सर, असं कारण नाही चालत. ‘प्रशासकीय कारणास्तव’ टाकू?” मी म्हणालो, आहे तेच राहू दे. तो म्हणाला, “ऑडिटवाले विचारतील.” मी म्हणालो, “विचारू देत. मी आहे.”

तळ्याचे यंत्र ८ मार्चला जोडले. आता तिन्ही एकाच पडद्यावर दिसतात, वर ‘भाविका’, खाली दोघे. ठराव पुरा झाला. परंतु काल एक अडचण आली. दिवेआगरच्या यंत्रावर नवी सुधारणा बसविली आणि खाली सूचना आली की यंत्र एकदा बंद करून सुरू करावे लागेल. मी ती पुष्कळ वेळ वाचली. ‘बंद पडू देणार नाही,’ असा शब्द मी दिला होता. कावळा त्यावर उतरला होता. हर्षदला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “भाऊजी, ताईची इच्छा काय होती ते तुम्हाला खरंच ठाऊक नाही?” मला ठाऊक होते. दोन वर्षांपासून फाईलमध्ये होते, दोन प्रतींत.

पाडव्याचा रविवार, शाळा बंद, कोणाचे काम अडणार नव्हते. घरी ती बसत असे त्या मेजावर संगणक ठेवला. चहा करून आणला. डाव्या बाजूच्या यादीत तिचे नाव निवडले आणि ‘पुन्हा सुरू करा’ वर बोट ठेवले.

नावापुढील हिरवी खूण गेली, तांबडी आली. तळा आणि थळ चालू राहिले. तिघांतील दोघे असल्याने समूह टिकला. मी घड्याळ पाहत होतो. पहिले मिनिट, दुसरे मिनिट. तिसऱ्या मिनिटाला मी तिला हाक मारली. नाव कोणते घेतले, ते तुला समजेल. तेहतीस वर्षांत मी ते प्रथमच उच्चारले. घरात दुसरे कोणी नव्हते.

चौथ्या मिनिटाच्या शेवटी खूण पुन्हा हिरवी झाली. आतील आठही संगणक एकेक करून उभे राहिले. मी कोठेही सही केली नाही.

पेला उचलला. चहा अजून गरम होता.

तुझा,
शिवदास